टक्के नको मोजूस, महिने मोज

आधी पत्र थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय.

"ताई, मी २९ वर्षांची, बायोमेडिकल इंजिनिअर. तीन वर्षांपासून सिरिंज पंप बनवतेय, छोट्या हॉस्पिटलांना परवडेल असा, लहान बाळांना औषध अगदी थेंब थेंब मोजून देणारा. सहा प्रोटोटाइप तयार आहेत, टेस्टिंग अर्धं झालंय. पण पैसे संपत आलेत. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे माझे ३ लाख ६० हजार पोर्टलवर क्रेडिट म्हणून दिसतायत आणि सीए म्हणतात ते आत्ता परत मिळणार नाहीत. बाबांची भोसरीत जॉबवर्कची शेड आहे, ते म्हणतात शेड गहाण टाकू आणि क्लीनरूम, म्हणजे धूळ-जंतू नसलेली बंदिस्त खोली, उभारू. आई म्हणते हिंजवडीत नोकरी धर. एक ओळखीचे डीलर म्हणतात कशाला एवढा उपद्व्याप, चीनहून तयार पंप आणू, तुझं नाव लावून विकू. मिनियापोलिसला मावसभाऊ असतो, तो म्हणतो अमेरिकेनेसुद्धा मेडिकल डिव्हाइसवरचा टॅक्स काढून टाकला कारण त्याने नवं संशोधन मरत होतं, इथे कोण ऐकणार. बंद करू का? – तुमची एक वाचक, सिंहगड रोड"

अगं, पत्र दोनदा वाचलं मी. तुझी चिडचिड कळते आणि ती खोटी नाही, पण तू ज्या गोष्टीवर चिडलीयेस ती आणि जी गोष्ट तुला खरंच बुडवू शकते ती, या दोन वेगळ्या आहेत असं मला वाटतं. तू टॅक्सचा दर बघतेयस. मी २३ वर्षं भोसरीत एका छोट्या कारखान्याचे हिशेब सांभाळले, ऑपरेशन टेबलं आणि हॉस्पिटलचे बेड बनायचे तिथे, आणि तो कारखाना बंद पडला तेव्हा हातात चांगल्या ऑर्डरी होत्या, नफासुद्धा कागदावर दिसत होता. एका मोठ्या हॉस्पिटलकडे सात महिन्यांचं पेमेंट अडकलं, तेवढ्यात बँकेचे हप्ते थकले आणि मालकांनी मशीनं विकली. शेवटच्या दिवशी कामगारांचा हिशेब मीच केला होता. टॅक्स किती टक्के होता याने त्या दिवशी काही फरक पडणार नव्हता. गेलेला पैसा परत हातात यायला किती महिने लागतात, सगळं त्यावर होतं.

आधी मावसभावाचं बोलणं घेऊ, कारण अर्धं बरोबर आहे ते. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यात मेडिकल डिव्हाइसवर २.३ टक्के कर आला आणि १ जानेवारी २०१३ पासून वसूल व्हायला लागला. चष्मे, कॉन्टॅक्ट लेन्स, श्रवणयंत्रं असल्या लोक दुकानातून स्वतः घेतात त्या वस्तू वगळल्या होत्या. ऐकायला २.३ म्हणजे काहीच नाही, पण तो नफ्यावर नव्हता, विक्रीवर होता. म्हणजे बघ, १०० रुपयांची विक्री आणि त्यात ५ रुपये नफा असेल तर २ रुपये ३० पैसे गेले, नफ्याचा जवळजवळ निम्मा, आणि जी नवी कंपनी अजून तोट्यातच आहे तिलाही विकलं की भरायचाच. मोठ्या कंपनीला ते जड गेलं तरी पेललं, नव्याला मात्र ते खिशातून. २०१६ आणि २०१७ साठी तो स्थगित झाला, मग पुन्हा स्थगित झाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायमचा रद्द. पण हेही त्याला सांग की उद्योगवाले हजारो नोकऱ्या जातील म्हणत होते तेव्हा अमेरिकी संसदेच्याच संशोधन विभागातल्या अर्थतज्ज्ञांचा अंदाज होता की परिणाम फार छोटा असेल. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक, दर किती यापेक्षा टॅक्स कधी आणि कशावर लागतो हे जास्त महत्त्वाचं. दुसरी, सगळ्या उद्योगाची सरासरी बघितली तर परिणाम छोटा दिसतो, पण तुझ्यासारखी विक्रीच्या उंबरठ्यावरची कंपनी त्या सरासरीत दिसतच नाही.

आता आपल्याकडचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मेडिकल उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. हे चांगलंच झालं, आणि का ते नीट समजून घे. उपचारांवर जीएसटी नाही, त्यामुळे हॉस्पिटलला तुझ्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो त्यांच्यासाठी निव्वळ खर्च असतो. ३० हजारांचा पंप त्यांना आधी ३३,६०० ला पडला असता, आता ३१,५०० ला पडेल. गल्लीतल्या नर्सिंग होमसाठी २,१०० रुपये ही खरी रक्कम आहे.

पण तुझ्या बाजूने बघ. मोटर, पीसीबी, डिस्प्ले, कनेक्टर, प्लास्टिकचे पार्ट, सगळं १८ टक्क्यांनी येतं आणि पंप ५ टक्क्यांनी जातो. समजा एका पंपाला १६ हजारांचा माल लागतो, त्यावर जीएसटी २,८८०. टेस्टिंग, कॅलिब्रेशन, भाडं अशा सर्व्हिसेसचे ६ हजार, त्यावर १,०८०. एकूण भरले ३,९६०. गिऱ्हाइकाकडून घेतले १,५००. म्हणजे एका पंपामागे २,४६० रुपये सरकारकडे साचले. यातला परतावा मागता येतो पण तो फक्त मालावरच्या टॅक्सचा, सर्व्हिसेसचा नाही आणि मशिनरीचा तर नाहीच, सुप्रीम कोर्टानेही २०२१ मध्ये हा नियम योग्य ठरवला. आत्ताच्या सूत्राने हिशेब केला तर साधारण १,७८९ परत येतील आणि ६७१ तसेच खात्यात पडून राहतील. १०० पंप विकलेस की ६७ हजार पडून. परतावा अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत द्यायचा नियम आहे, आणि अशा उलट्या कराच्या, म्हणजे मालावर जास्त आणि विक्रीवर कमी दराच्या, प्रकरणांत ९० टक्के रक्कम आधी तात्पुरती द्यायचं धोरण जीएसटी कौन्सिलने २०२५ मध्येच ठरवलंय, पण खोट निघाली की अर्ज परत येतो आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आणि तुझा डीलर जो तयार पंप आणणार आहे ना, तो आयात करताना ५ टक्के भरेल, विकताना ५ टक्के लावेल. त्याचं काहीच साचत नाही. त्याला कस्टम ड्यूटी आहे, साधारण ७.५ टक्के, वर २०२० च्या बजेटमध्ये आलेला ५ टक्के आरोग्य सेस, ते खरं, पण पैसा अडकत नाही. जो इथे बनवतो त्याचा पैसा अडकतो आणि जो तयार आणतो त्याचा फिरत राहतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं आणि ज्याला धोरण ठरवायचंय त्याने आधी याकडे बघावं. आपल्या देशात ७० ते ८० टक्के मेडिकल उपकरणं आयात होतात हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय, त्याची बाकीची कारणं असतील पण हे पण एक आहे.

आता तुझा मुद्दा, ३ लाख ६० हजार. सीए बरोबर सांगतायत. परताव्याचं सूत्रच विक्रीवर चालतं, विक्री शून्य तर परतावा शून्य. संशोधनाच्या तीन वर्षांत तू प्रत्येक पार्टवर, प्रत्येक टेस्टिंगच्या बिलावर १८ टक्के भरलेस आणि ते सगळं बिनव्याजी उसनं दिल्यासारखं झालं. इन्कम टॅक्सच्या सवलतींचंही तसंच. स्टार्टअपला पहिल्या दहा वर्षांतली सलग तीन वर्षं नफ्यावर पूर्ण सूट मागता येते पण आधी नफा हवा ना. मान्यताप्राप्त संशोधनावर खर्चाच्या दुप्पट वजावट मिळायची ती मार्च २०१७ पर्यंत, मग दीडपट मार्च २०२० पर्यंत, आता जेवढा खर्च तेवढीच, आणि तोट्यात असलेल्याला त्याचाही आज उपयोग नाही. (एक बरं झालं, २०२४ च्या बजेटमध्ये एंजल टॅक्स गेला, म्हणजे उद्या कुणी शेअर घेऊन पैसे घातले तर त्यावरून आता नोटीस येणार नाही.)

पण ते ३ लाख ६० हजार मेलेले नाहीत गं. ते क्रेडिट १८ टक्क्यांच्या कुठल्याही कामावर वापरता येतं. तुझ्याच कंपनीच्या नावाने डिझाइनचं काम घे, एम्बेडेड बोर्डचं, फिक्स्चरचं, टेस्ट जिगचं, चाकण-हिंजवडीत अशी कामं बाहेर देणाऱ्या कंपन्या आहेत आणि तुला ते येतं. बिलावर १८ टक्के जीएसटी लागेल, समोरच्याला त्याचं क्रेडिट मिळतं त्यामुळे त्याची तक्रार नसते, तो तुला रोख देणार आणि तू सरकारला भरताना खात्यातलं क्रेडिट वापरणार. २० लाखांची बिलं झाली की तुझे ३ लाख ६० हजार रोखीत मोकळे झाले, शिवाय २० लाखांचं काम झालं ते वेगळंच. थोडा टीडीएस कापतील, तो रिटर्नमध्ये परत मागायचा. एका वर्षात नाही होणार हे, दीड-दोन वर्षं धर, आठवड्यातले दोन दिवस या कामाला आणि बाकीचे पंपाला. पुढे पंप विकले जायला लागले की त्यांचा वार्षिक मेंटेनन्सचा करारही १८ टक्क्यांचा असतो, त्यात ते पंपामागे उरणारे ६७१ जिरतात. म्हणून पंपाबरोबर मेंटेनन्स पहिल्या दिवसापासून विकायचा, नंतर बघू म्हणायचं नाही. बाबांच्या फर्मचा जीएसटी नंबर वेगळा आहे, तुझं क्रेडिट तिकडे वापरता येणार नाही, ते डोक्यातून काढून टाक.

आईला मी नाव ठेवणार नाही, पण नोकरी धरलीस तर हे क्रेडिट तसंच पडून राहील आणि पंपही. दोन दिवसांचं बाहेरचं काम हा मधला रस्ता आहे, तो आईला नीट समजावून सांग, रागावून नको.

आता शेड. हे मी जरा जोरात बोलणारे, वाईट वाटून घेऊ नकोस. शेड गहाण टाकू नका. पहिली गोष्ट, क्लीनरूम हवीच हे कुणी सांगितलं? क्लीनरूम लागते ती कॅथेटर, इम्प्लांट असल्या निर्जंतुक विकायच्या वस्तूंना. तुझा पंप रुग्णाच्या शरीरात जात नाही, सिरिंज वेगळी येते. तुला धूळ आणि स्टॅटिकपासून जपलेली असेंब्लीची स्वच्छ खोली लागेल, कॅलिब्रेशनची साधनं लागतील आणि कागद लागतील, भरपूर कागद. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांची पाचवी अनुसूची, क्वालिटीची, घेऊन बस आणि क्वालिटी ऑडिटरला एकेक ओळ विचार, कन्सल्टंटला नको जो बांधकामाचं कोटेशनही स्वतःच देतो. दुसरी गोष्ट, क्लीनरूमच्या मशिनरीवर जो जीएसटी भराल त्याचा परतावा मिळत नाही, म्हणजे आधीच अडकलंय त्यात अजून अडकवणार. तिसरी, ती शेड बाबांचं आयुष्य आहे, आणि कर्ज त्यांच्या वयाने फेडायचंय.

उपकरणांचे धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग आहेत, सिरिंज पंप क्लास सी मध्ये येतो, म्हणजे लायसन्स राज्याच्या एफडीएकडून नाही, केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून, सीडीएससीओकडून, आणि ऑक्टोबर २०२३ पासून क्लास सी आणि डी ला ते सक्तीचं आहे. लोन लायसन्स नावाचा प्रकार आहे, दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात तू तुझा माल बनवायचा. अट अशी की त्या जागी तेच उपकरण आधीपासून बनत असलं पाहिजे, म्हणजे तो उद्या तुझा स्पर्धकही असू शकतो, त्यामुळे ड्रॉइंग आणि सॉफ्टवेअर कुणाचं हे वकिलाकडून लिहून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. मिळाला असा कारखाना तर उत्तम, नाही मिळाला तर बाबांच्याच शेडमधली एक खोली नीट कर, गहाण न टाकता.

पैशासाठी पाषाणला एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे तिथे जा, केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेचं नव्या कल्पनांसाठी 'बिग' नावाचं अनुदान आहे, त्याचे ते भागीदार आहेत, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळू शकतात, फेडायचे नाहीत आणि शेअरही द्यावे लागत नाहीत. तिथली निवड कडक असते, पहिल्यांदा नाही झालं तर पुन्हा अर्ज कर, अर्ज लिहिताना तुझे तुलाच प्रश्न सुचतात हा त्याचा दुसरा फायदा.

आणि आपल्याच गावात होतं हे, विसरू नकोस. संचेती हॉस्पिटलच्या डॉ. के. एच. संचेतींनी भारतीय गुडघ्यासाठी, मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी, कमी किमतीचा इंडस नी इम्प्लांट आणला तो पुण्यातूनच. २०२० मध्ये कोविडच्या चाचणीचं पहिलं भारतीय किट मंजूर झालं तेही पुण्याच्या कंपनीचं. इथे लेथवाला आहे, मोल्डवाला आहे, डॉक्टर आहे, सगळे एका गाडीच्या अंतरावर. हे तुझं भांडवल आहे आणि ते पोर्टलवर दिसत नाही.

डीलरचं म्हणणं. ट्रेडिंग वाईट नाही, हजारो घरं त्यावर चालतात. पण क्लास सी पंप आयात करायलाही केंद्राचं आयात लायसन्स लागतं, नाव तुझं लागलं की बाळाला डोस चुकला तर जबाब तुला द्यायचा, आणि आत काय सॉफ्टवेअर आहे ते तुला माहीत नसणार. तू तीन वर्षं रात्र रात्र जागून जे शिकलीस त्याचा यात काही उपयोग नाही. मला नाही पटत. शिवाय मेडिकल उपकरणाची एमआरपी बारा महिन्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, रुपया घसरला तरी नाही, म्हणजे आयात करणाराही दिसतो तितका सुखी नसतो. हाच १० टक्क्यांचा नियम तुलाही आहे बरं का, म्हणून पहिली एमआरपी भीतीपोटी कमी ठेवू नकोस. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली तेव्हा औषध लावलेला स्टेंट २९,६०० वर आला, रुग्णांना प्रचंड दिलासा मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता, पण जे काटकसरीनेच बनवत होते ते त्यात टिकले. तू पहिल्यापासून परवडणारंच बनवतेयस, हे तुझ्या बाजूचं आहे.

बारीकसारीक गोष्टी राहिल्या, भराभर सांगते. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक पार्ट घेताना बिल घे आणि ते पोर्टलवरच्या तुझ्या टू-बी मध्ये, म्हणजे क्रेडिटच्या महिन्याच्या यादीत, दिसतंय का ते दर महिन्याला बघ, दिसत नसेल तर परतावा नाही, आणि लायसन्सच्या ऑडिटला पार्ट कुठून आला हेही सांगता येणार नाही. डेमो पंप फुकट देऊन टाकू नकोस, फुकट दिलेल्या मालावरचं क्रेडिट जातं, डिलिव्हरी चलनावर परतीच्या बोलीवर दे. लायसन्स नसताना "टेस्टिंगसाठी घेतो, पैसे देतो" असं कुणी म्हणालं तरी पैसे घेऊ नकोस, एमडी-१३ चा परवाना काढून थोडे पंप चाचणीसाठी बनवता येतात, विकता येत नाहीत.

आणि उद्यम नोंदणी केली नसशील तर उद्याच कर, नंबर प्रत्येक बिलावर छाप. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे, आणि आता मुदत उलटून वर्षअखेरीलाही बिल थकलेलंच असेल तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. हॉस्पिटलच्या परचेसवाल्याला हे हसून पण स्पष्ट सांगायचं, पहिल्याच मीटिंगमध्ये. आमच्या कारखान्यात ते सांगायचं धाडस कुणी केलं नाही, मीही नाही, आणि ते मला अजून लागतं.

बंद करू का असं विचारलंस. या रविवारी एक वही घे, डावीकडे हातातली रोख लिही, उजवीकडे दर महिन्याचा खर्च, टेस्टिंगची उरलेली फी धरून, क्रेडिटचे ३ लाख ६० हजार त्यात धरू नकोस. रोखीला खर्चाने भाग, म्हणजे किती महिने पुरेल ते कळेल. सहा महिन्यांपेक्षा जास्त निघत असतील तर आहे तसं चालू ठेव आणि बिगचा अर्ज भर. सहापेक्षा कमी असतील तर पंपाचं काम तीन महिने हळू कर, थांबवू नकोस, आणि डिझाइनची कामं आधी आण. दोनवर आलं आणि एकही बाहेरचं काम मिळालेलं नसेल तर मला पुन्हा लिही, तेव्हा वेगळं बोलू, नोकरीबद्दलसुद्धा.

शेडचे कागद बँकेत दिले असतील तर सोमवारीच परत आण. आणि बाबांना त्या खोलीचं माप घ्यायला सांग, असेंब्लीचं टेबल कुठे बसेल ते तुझ्यापेक्षा त्यांना चांगलं कळेल.